मराठी वाक्यातील फर्नांडिस : स्पॅनिश-पोर्तुगीज आडनावांच्या सामान्यरूपाविषयी काही विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकल गाडीने बेगडेवाडी सोडली की पुढचे स्थानक घोरावाडी, आणि त्यानंतरचे तळेगाव. या मार्गावरील प्रवासी ‘पुण्याहून’ निघतो, गाडी ‘घोरावाडीला’ थांबते आणि शेवटी ती ‘लोणावळ्याला’ पोचते. स्थळे तीन, परंतु प्रत्यय लागताना पुणे आणि लोणावळा यांचे रूप पालटते, घोरावाडीचे पालटत नाही. ‘पुणेहून’ किंवा ‘लोणावळाला’ असे कोणी म्हणाले, तर तो मनुष्य मराठीत नवखा आहे हे अन्य चौकशी न करता कळते.

आता याच डब्यात पाटील, फर्नांडिस, परेरा, डिमेलो आणि गोखले या आडनावांचे पाच गृहस्थ एकत्र बसले आहेत अशी कल्पना करू. घोरावाडीला उतरल्यावर कोणी विचारले, ‘तिकिटे कोणी काढली?’ तर उत्तर ‘पाटलांनी’, ‘फर्नांडिसांनी’, ‘परेरांनी’ किंवा ‘डिमेलोंनी’ असे सहज येते. अडचण येते ती पाचव्या गृहस्थांच्या बाबतीत. ‘गोखल्यांनी’ म्हणावे की ‘गोखलेंनी’? आज पुष्कळ सुशिक्षित मराठी माणसे येथे क्षणभर थांबतात, आणि मग ‘गोखलेंनी’ म्हणून मोकळी होतात. ‘पुणेहून’ म्हणणे ज्यांना स्वप्नातही सुचणार नाही, त्यांनाच ‘गोखलेंनी’ म्हणताना काही वावगे वाटत नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आयबेरियन द्वीपकल्पातून, म्हणजे स्पेन आणि पोर्तुगाल या देशांतून, आलेली आडनावे मराठी वाक्यात कशी वागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणवाक्यांपैकी जी दैनंदिन स्वरूपाची आहेत ती विवेचनाच्या सोयीसाठी रचलेली आहेत. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु वाक्यात आडनाव चालवावयाचे कसे, या प्रश्नामागे त्या आडनावाचा मनुष्य भाषेच्या घरातला मानावयाचा की ओसरीवरचा, असाही एक प्रश्न दडलेला असतो. म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

२. आडनावांचे मूळ

गोव्यात पोर्तुगिजांची सत्ता १५१० पासून १९६१ पर्यंत होती; वसई त्यांच्याकडे १५३४ मध्ये आली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या काळात ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली, आणि सत्ता गेल्यावरही ती टिकली. मराठी समाजात जी आयबेरियन आडनावे दिसतात ती बहुतांशी अशी पोर्तुगीज वळणाची आहेत.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज आडनावे एकमेकींची जवळची भावंडे होत. स्पॅनिश फर्नांदेस आणि पोर्तुगीज फर्नांडिस, त्याचप्रमाणे रोद्रिगेस आणि रॉड्रिग्ज, लोपेस आणि लोपीस, गोन्सालेस आणि गोन्साल्विस या जोड्या मुळात एकाच घडणीच्या आहेत. रोमन लिपीत स्पॅनिश रूपाच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर आणि पोर्तुगीज रूपाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर येते, एवढाच ठळक भेद. हा अन्त्य प्रत्यय ‘अमक्याचा पुत्र’ असा अर्थ देतो. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा पुत्र. या आडनावांची दुसरी मोठी जात स्थलवाचक आहे. डिसोझा यातील ‘डि’ म्हणजे ‘चा’, आणि ‘सोझा’ हे पोर्तुगालच्या उत्तरेकडील एका नदीचे व प्रदेशाचे नाव. तेव्हा आपल्याकडे जे काम शब्दाच्या शेवटी येणारा ‘कर’ करतो, ते तेथे शब्दाच्या आरंभी येणारा ‘डि’ करतो. घोरावाडीवरून आडनाव पाडावयाचे झाल्यास आपण ‘घोरावाडीकर’ असे पाडू. लिस्बनचा मनुष्य ‘डि घोरावाडी’ असे पाडील.

मराठीच्या सहवासात या नावांचे उच्चार बरेच पालटले. वसईत गोन्साल्विसचे ‘घोन्साल्विस’ झाले. शेवटी अनुनासिक ‘आँव’ असा ध्वनी असलेल्या रोमाँवचे ‘रुमाव’ झाले. मात्र उच्चार पालटणे ही अंगीकाराची केवळ पहिली पायरी होय. परकी नामे कानावर पडताच प्रत्येक भाषा ती आपल्या ध्वनींत बसवून घेते. खरा अंगीकार नामाला प्रत्यय लागतो तेव्हा दिसून येतो.

३. एकवचन, बहुवचन आणि आदर

मराठीत विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप होते त्यास आपण सामान्यरूप म्हणतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांपासून (१८३६) मोरो केशव दामल्यांपर्यंत (१९११) आपल्या व्याकरणकारांनी या प्रकरणाचा विस्ताराने विचार केला आहे. विशेषनामांच्या बाबतीत मात्र गेल्या शंभर वर्षांत एक लक्षणीय बदल झालेला दिसतो. ‘रामाने’, ‘गोविंदाला’ ही जुनी रूपे आपण वाचतो. परंतु रमेश किंवा सतीश या नावांच्या मुलाविषयी बोलताना ‘रमेशने’, ‘सतीशला’ असेच म्हणतो. एकवचनी विशेषनाम सरळ ठेवून त्यास प्रत्यय जोडण्याकडे भाषेचा कल झाला आहे. परकी नामे याच प्रवाहात आली. ‘कोलंबसाने’ आणि ‘कोलंबसने’ ही दोन्ही रूपे छापलेली आढळतात. त्याचप्रमाणे मैदानावरील मुलगा ‘फर्नांडिसने झेल घेतला’ असे म्हणतो, ‘फर्नांडिसाने’ असे सहसा म्हणत नाही.

परंतु हाच फर्नांडिस मोठा होऊन शिक्षक झाला, की वाक्य पालटते. ‘फर्नांडिसांनी धडा शिकवला’, ‘फर्नांडिसांना विचार’, ‘फर्नांडिसांकडे वही आहे’. येथे सामान्यरूप टाळणे शक्य होत नाही. त्याचे कारण शोधू गेल्यास ते सोपे आहे. आदरार्थी बहुवचनाचे चिन्ह अनुस्वार हे आहे, आणि अनुस्वारास टेकावयास स्वर लागतो. ‘फर्नांडिस’ हे नाव लेखनात अकारान्त असले तरी उच्चारात व्यंजनान्त आहे. म्हणून तेथे ‘आ’ आणावा लागतो, आणि ‘फर्नांडिसां-’ हे रूप सिद्ध होते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. मराठीत आडनाव लवते ते आदरामुळे. ज्यास आपण अरेतुरे करतो त्याचे नाव सरळ उभे राहू शकते. ज्यास आपण मान देतो त्याचे नाव वाक्यात लवते. नाव न लववणे म्हणजे अधिक मान देणे, अशी जी एक समजूत अलीकडे रूढ झाली आहे, तिला मराठीच्या रचनेत आधार नाही.

आदरार्थी बहुवचन आणि कुटुंबवाचक बहुवचन यांचे रूप एकच असते, हाही मराठीचा विशेष आहे. ‘परेरांकडे आज जेवण आहे’ या वाक्यात परेरा हे एक गृहस्थ आहेत की सगळे घर, हे संदर्भावरूनच कळते. ‘डिसोझांची विहीर’, ‘लोपिसांचा धाकटा’ हे प्रयोग ‘देशपांड्यांची विहीर’, ‘जाधवांचा धाकटा’ या प्रयोगांपासून कोणत्याही अंगाने निराळे काढता येत नाहीत. एका बाबतीत मात्र फरक राहतो. ‘पाटलीणबाई’, ‘कुलकर्णीणबाई’ असे स्त्रीलिंगी रूप या आडनावांपासून सामान्यतः होत नाही. तेथे ‘फर्नांडिसबाई’ एवढ्यावरच भागते. पण आता ‘पाटलीणबाई’देखील मागे पडून ‘पाटीलबाई’ रूढ होत असल्याने हाही भेद पुसट होत चालला आहे.

४. अन्त्यस्वरानुसार वर्ग

ही आडनावे त्यांच्या अन्त्य ध्वनीनुसार चार वर्गांत मांडता येतात.

पहिला वर्ग अकारान्तांचा : फर्नांडिस, लोपीस, डायस, रुमाव. ही ‘जाधव’, ‘टिळक’ यांच्याप्रमाणे चालतात. या वर्गात लेखनाचा एक प्रश्न उद्भवतो. अकारान्त मराठी शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहावयाचा आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व करावयाचा, हा आपला नियम आहे : गरीब, परंतु गरिबांना. मग ‘फर्नांडिस’ लिहावे की ‘फर्नांडीस’? शब्द परका मानल्यास पहिले रूप चालेल. घरचा मानल्यास दुसरे अधिक शास्त्रशुद्ध ठरेल. छापील मजकुरात दोन्ही आढळतात. परंतु गंमत अशी की सामान्यरूपात हा वाद आपोआप मिटतो. ‘फर्नांडिसांनी’ हे रूप दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

या वर्गाची तुलना ‘पाटील’ या आडनावाशी करून पाहण्यासारखी आहे. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांचा पराभव केला. हीच घटना चार शब्दांत सांगावयाची तर ‘फर्नांडिसांनी पाटलांना निवडणुकीत हरवले’ असे वाक्य होते. यात ‘पाटील’मधील दीर्घ ईकार सर्वस्वी लोप पावला आहे, तर ‘फर्नांडिस’मधील इकार जागच्या जागी आहे. जे नाव जितके जुने, तितकी भाषा त्याच्याशी अधिक मोकळेपणाने वागते. घरच्या माणसाचे नाव ती मोडूनही वापरते. नव्याचे नाव ती केवळ लववते.

दुसरा वर्ग आकारान्तांचा : परेरा, डिसोझा, आल्मेडा, गार्सिया. मराठीतील आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप याकारान्त होते : घोडा, घोड्याला. त्या न्यायाने ‘परेऱ्याला’ व्हावयास हवे होते. परंतु सामान्यतः तसे होत नाही. येथे परकेपणा हे कारण सांगण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. काका, मामा, दादा, आबा ही नाती आणि विठोबा, कृष्णा ही नामेही आकारान्तच आहेत, आणि त्यांचेही सामान्यरूप पालटत नाही. ‘काकांनी’ तसेच ‘परेरांनी’. ‘मामाला’ तसेच ‘परेराला’. म्हणजे मराठीने या पाहुण्यांसाठी नवा नियम केला नाही. नात्यांच्या नामांसाठी जो नियम पूर्वीपासून होता त्याच पंक्तीत त्यांना बसवले. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये नागासाकी येथे हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांचे आडनाव आज स्पेनमधील सर्वांत प्रचलित आडनाव आहे. वसईकर ते ‘गार्सियांनी’, ‘गार्सियांचा’ असे काका-मामांच्या चालीवरच चालवू शकतो.

तिसरा वर्ग ओकारान्तांचा : डिमेलो, दिब्रिटो, मचाडो, तुस्कानो. हा अन्त्यस्वर मराठीला परका आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः धोंडो, मोरो, विसो ही आपली जुनी पुरुषनामे ओकारान्तच होत. ज्या ग्रंथकारांच्या व्याकरणाचा वर उल्लेख केला, त्यांचेच नाव मोरो आहे. ‘मोरोने’, ‘धोंडोला’ ही रूपे ज्या भाषेत सहज होती, तिला ‘डिमेलोने’, ‘डिमेलोंनी’ म्हणताना अडखळण्याचे कारण नव्हते. मुंबईत ‘डिमेलो रोडवरून सरळ जा’ असे सांगणाऱ्यास आपण कामगार पुढारी प्लॅसिड डिमेलो (निधन १९५८) यांचे नाव उच्चारीत आहो याचे भानही नसते. नाव इतके रुळले की ते विसरले जाते, आणि भाषेच्या दृष्टीने हीच रुळल्याची खूण होय.

चौथा वर्ग एकारान्तांचा. तो लहान आहे; परंतु या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करू.

५. दाभाडे आणि डाबरे

घोरावाडीच्या पुढील स्थानकाचे गाव तळेगाव दाभाडे. सेनापती दाभाडे घराण्याचे आडनाव गावाच्या नावातच बसले आहे. त्या घराण्याविषयी बोलताना ‘दाभाड्यांचे तळेगाव’, ‘दाभाड्यांचा वाडा’ अशी रूपे परंपरेने होतात. वसईकडे ‘डाबरे’ हे आडनाव आहे. पोर्तुगीज ‘द आब्रेउ’ या आडनावाचे ते मराठी वळण मानले जाते. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप आणि पुढे पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे यांच्यामुळे हे आडनाव महाराष्ट्रास परिचित आहे.

आता दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहावी. एक मावळातले, दुसरे मुळात लिस्बनकडचे. एकाचा इतिहास मराठ्यांच्या सेनापतिपदाशी निगडित, दुसऱ्याचा पोर्तुगिजांच्या वसईशी. परंतु व्याकरण यांपैकी काहीही विचारीत नाही. ते केवळ शेवटचा स्वर पाहते, आणि तो दोहोंत एकच आहे. ‘दाभाडे, दाभाड्यांनी’ तर ‘डाबरे, डाबऱ्यांनी’. एकारान्त नामाचे सामान्यरूप याकारान्त करावे, हे १९६२ च्या लेखनविषयक नियमांतही सांगितलेले आहे, आणि तेथे ‘फडके, फडक्यांना’ असे आडनावाचेच उदाहरण दिले आहे.

प्रत्यक्षात आज ‘डाबरेंनी’ हे रूप अधिक ऐकू येते. त्यावरून कोणी म्हणेल की परके नाव म्हणून ते न लववता ठेवले आहे. पण मग ‘फुलेंनी’, ‘शिंदेंनी’, ‘गोखलेंनी’ याची वाट काय? ही नावे तर परकी नाहीत. खरी गोष्ट अशी दिसते की परेरा आणि डिमेलो यांना जी रीत साजते, म्हणजे अन्त्यस्वर कायम ठेवून त्यावर केवळ अनुस्वार देण्याची रीत, तीच आता एकारान्त मराठी आडनावांनाही लागू होऊ लागली आहे. पाहुण्यांनी ही रीत आणली असे म्हणता येणार नाही, कारण ‘काकांनी’ हे रूप त्यांच्यापूर्वीचे आहे. परंतु आडनाव ही वस्तू नोंदवहीतल्या नोंदीप्रमाणे जशीच्या तशी राखावयाची, ही दृष्टी वाढली, आणि त्या दृष्टीने घरचे आडनावही पाहुण्यासारखे झाले. ‘पुणे’ आणि ‘गोखले’ यांची व्याकरणातील जात एक असूनही ‘पुणेहून’ हे रूप होत नाही आणि ‘गोखलेंनी’ होते, त्याचे कारण हेच असावे.

६. खास स्पॅनिश उदाहरणे

आतापर्यंतची आडनावे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या कुटुंबांची होती. ज्यांचा जन्मच स्पेनमध्ये झाला अशा काही व्यक्तींची आडनावेही मराठी वाक्यात आली. फ्रान्सिस झेवियर (१५०६–१५५२) हे नवार प्रांतातले. त्यांचे आडनाव हे त्यांच्या गढीचे नाव असून बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’ असा होतो. १५४२ मध्ये ते गोव्यास आले. पोर्तुगीज जिभेवर ते ‘शाव्हिएर’ झाले आणि इंग्रजीच्या द्वारे मराठीत ‘झेवियर’ झाले. १८६९ मध्ये मुंबईत त्यांच्या नावे महाविद्यालय निघाले. ‘माझी बहीण झेवियरमध्ये शिकते’ या वाक्यात व्यक्ती मागे पडून संस्था उरली आहे, आणि म्हणून आदरार्थी अनुस्वारही गेला आहे.

त्याच महाविद्यालयात बार्सेलोनाचे फादर एन्रिके हेरास (१८८८–१९५५) यांनी १९२६ मध्ये इतिहाससंशोधन संस्था स्थापन केली. ती आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. स्पॅनिशमध्ये ‘एच’ या अक्षराचा उच्चार होत नाही, म्हणून मूळ उच्चार ‘एरास’ असा. मराठीने अक्षरे वाचून ‘हेरास’ केले. ‘विजयनगरच्या आरवीडू घराण्यावर हेरासांनी ग्रंथ लिहिला’ आणि ‘ते पुस्तक हेरासमध्ये मिळेल’ या दोन वाक्यांतील फरक पाहिला, म्हणजे अनुस्वार केवळ शोभेचा नाही, तो माणूस आणि संस्था यांतील भेद दाखवतो, हे पटेल. मनमाड परिसरातील शेतकऱ्यांत काम करून १९६९ पासून अनंतपूर येथे गेलेले व्हिसेंते फेरर (१९२०–२००९) यांचे आडनाव कातालान भाषेत ‘लोहार’ या अर्थाचे आहे. ‘फेररांनी विहिरींसाठी मदत केली’ हे वाक्य ‘लोहारांनी’ या रूपाच्याच साच्यातले होय.

स्पॅनिश नावांच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. स्पेन व दक्षिण अमेरिकेत मनुष्यास दोन आडनावे असतात : आधी पित्याचे, मग मातेचे. पोर्तुगीज रीतीत क्रम उलट असून पित्याचे आडनाव शेवटी येते. मराठी मनुष्य शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असे धरून चालतो. त्यामुळे पोर्तुगीज नावांत त्याची चूक होत नाही, स्पॅनिश नावांत होते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या पित्याचे आडनाव गार्सिया, मातेचे मार्केस. आपण ‘मार्केसांची कादंबरी’ म्हणतो तेव्हा केवळ मातेचे आडनाव घेतो. प्रबंधलेखनात ‘गार्सिया मार्केसांची’ असे दोन्ही घेऊन शेवटच्या पदास प्रत्यय लावणे योग्य होय. लोर्का यांचे उदाहरण निराळे आहे. त्यांच्या बाबतीत स्पॅनिश वाचकही मातेकडील आडनावच वापरतात.

७. ‘यांनी’चे कुंपण

वृत्तपत्रांत व कार्यालयीन मराठीत हा सर्व प्रश्न एका युक्तीने टाळला जातो. ‘फर्नांडिस यांनी सांगितले’, ‘गोखले यांना कळवावे’. येथे आदराचे आणि विभक्तीचे ओझे ‘हे’ या सर्वनामावर टाकलेले असते आणि नाव सरळ राहते. या प्रयोगाचे लाभ उघड आहेत. दस्तऐवजात मूळ नाव निःसंदिग्ध राहणे आवश्यक असते. ‘लोपिसांनी’ या रूपावरून मूळ आडनाव ‘लोपिस’ की ‘लोपीस’ हे सांगता येत नाही. संपूर्ण नाव प्रथम येते तेथेही ‘यांनी’ शोभते.

परंतु सलग गद्यात, विशेषतः एकाच परिच्छेदात, ‘टिळकांनी’, ‘पाटलांनी’ असे लिहिणारा लेखक ‘फर्नांडिस यांनी’, ‘दिब्रिटो यांनी’ असे लिहू लागला, तर ती सोय न राहता कुंपण होते. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीस काहींनी विरोधही केला होता. मराठी साहित्याच्या सर्वोच्च सभेचा अध्यक्ष झालेल्या लेखकाचे आडनाव वाक्यात चालवताना जर आपली लेखणी अडत असेल, तर अडचण आडनावात नाही. ‘दिब्रिटोंनी’ हे रूप ‘मोरोने’, ‘धोंडोला’ या रूपांइतकेच मराठी आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, आडनावाचे सामान्यरूप त्याच्या अन्त्य ध्वनीवर अवलंबून असते, कुळावर नव्हे. म्हणून दाभाडे व डाबरे यांना एकच नियम लावला पाहिजे, मग तो कोणताही निवडला तरी. दुसरी, परकी वाटणारी आडनावे मराठीतील कोणत्या ना कोणत्या जुन्या वर्गात बसतात : फर्नांडिस टिळकांच्या, परेरा काकांच्या, डिमेलो मोरोच्या. त्यांच्यासाठी अपवादाचे प्रकरण उघडण्याची आवश्यकता नाही. तिसरी, ‘यांनी’चा उपयोग कारणपरत्वे करावा, मनुष्यपरत्वे करू नये.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिताना एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होईल. तिकिटे फर्नांडिसांनी काढली असोत वा गोखल्यांनी, दोघेही घोरावाडीलाच उतरावयाचे आहेत, आणि वाक्यात दोघांनाही सारखीच जागा मिळाली पाहिजे.